ढोली आणि पेटी

झाडाच्या खोडात किंवा जाड फांदीत लाकूड कुजल्यामुळे अथवा सुतार पक्ष्याने कोरल्यामुळे जी पोकळी तयार होते तिला ढोली म्हणतात. आपल्याकडील अनेक परिचित पक्षी उघड्यावर घरटे न बांधता अशा ढोलीत, भिंतीच्या भोकात किंवा दरडीतल्या बिळात अंडी घालतात. पक्षिशास्त्रात या पक्ष्यांचे दोन गट केले जातात. सुतार आणि तांबट हे स्वतःच्या चोचीने लाकूड कोरून घर करतात, म्हणून ते पहिल्या गटात येतात; दयाळ, साळुंकी, भांगपाडी मैना, नीलपंख, हुदहुद, पिंगळा, गव्हाणी घुबड आणि आपली नेहमीची चिमणी यांना लाकूड कोरता येत नाही, त्यामुळे ते निसर्गाने, सुताराने किंवा माणसाने करून ठेवलेल्या आयत्या पोकळीवर विसंबून असतात आणि त्यांची गणना दुसऱ्या गटात होते. घराच्या आवारात जी लाकडी पेटी टांगली जाते आणि जिला बाजारात कृत्रिम घरटे म्हणतात, ती केवळ या दुसऱ्या गटासाठी असते. बुलबुल, शिंपी, सुगरण, होला किंवा कावळा तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत, कारण त्यांच्या विणीची रीतच वेगळी आहे. हा साधा भेद ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ पेट्या चुकीच्या पक्ष्याची वाट पाहत रिकाम्या राहतात आणि टांगणाऱ्याचा उत्साह पहिल्याच वर्षी मावळतो.

पक्षी आणि पेटी यांच्या नात्याचा विचार करण्यासाठी रायपूरच्या उत्तरेस बिरगावला लागून असलेली उरला ही औद्योगिक वसाहत निवडणे काहींना विचित्र वाटेल. पोलादाच्या रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नचे कारखाने यांनी ओळखला जाणारा हा भाग असून त्याच्या पुढे सिलतरा ही तशीच दुसरी वसाहत आहे. पक्षिनिरीक्षक येथे सहसा फिरकत नाहीत. ते बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा येथील पाणथळ जागी जातात, जेथे २०२१ मध्ये राज्याने पक्षी महोत्सव भरवला होता, किंवा थेट बस्तर गाठतात. परंतु पक्षी माणसाजवळ का राहतो आणि का निघून जातो, हा प्रश्न अभयारण्यात सुटत नाही. तो जेथे माणसांची दाटी आहे, झाडे थोडी आहेत आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, अशाच ठिकाणी अभ्यासावा लागतो. शिवाय येथे कामानिमित्त येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांच्या आवारात एखादे कडुनिंबाचे वा शेवग्याचे झाड, पाण्याची टाकी आणि थोडी मोकळी माती असतेच.

या प्रदेशाची आणि चिमणीची जुनी ओळख घराच्या छपरातून झाली. छत्तीसगढच्या गावांतील घरे मातीच्या जाड भिंतींची आणि लहान अर्धगोल कवेलूंची असत. विदर्भातील मराठी माणसाला हे छप्पर वेगळे सांगण्याची गरज नाही. दोन कवेलूंच्या मधली फट, वळचणीचा वासा, भिंतीत अडकवलेल्या तसबिरीची मागची बाजू आणि धान्याच्या कोठीवरची आडोशाची जागा, या सगळ्या चिमणीच्या दृष्टीने ढोल्याच होत्या, आणि त्या कोणी मुद्दाम केलेल्या नव्हत्या. कापणीनंतर धानाच्या लोंब्या गुंफून त्यांची झालर दारावर टांगण्याची रीत छत्तीसगढमध्ये आहे. तिला येथे फाता किंवा पहटा म्हणतात, आणि ती पाखरांनी येऊन टिपावी अशीच अपेक्षा असते. कोकणात नवान्नाच्या दिवशी भाताच्या लोंब्यांचे ‘नवे’ दाराला बांधतात, तेही काही दिवसांत चिमण्यांच्या पोटात जाते, पण तेथे हेतू पूजेचा आहे. पाखराचा वाटा मनात धरून दाराशी धान टांगणारी छत्तीसगढची रीत ही घराजवळ पक्षी बोलावण्याची या भूमीतील सर्वांत जुनी आणि सर्वांत सुंदर पद्धत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कवेलूंच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला तेव्हा फटी बुजल्या, कोठ्या गेल्या, लोंब्यांच्या झालरी फक्त सणापुरत्या उरल्या, आणि मग पेटीची गरज भासू लागली.

पेटीचा इतिहास युरोपात सुरू होतो. इंग्लंडमधील यॉर्कशरच्या वॉल्टन हॉल या आपल्या जमीनदारीत चार्ल्स वॉटर्टन या निसर्गप्रेमी गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गव्हाणी घुबडांसाठी दगडी घर बांधले आणि वाळूच्या दरडीत बिळे करणाऱ्या भिंगऱ्यांसाठी भिंतीत नळ बसवले. घुबड अपशकुनी मानून मारले जाण्याचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या कृतीचे मोल कळते. पुढे जर्मनीत थुरिंजिया प्रांतातील झेबाख येथे हान्स फॉन बर्लेप्श याने सुतार पक्ष्याच्या ढोलीचा आतला आकार बारकाईने मोजून ओंडके पोखरून तशाच पेट्या केल्या आणि जंगलातील किडींचा उपद्रव कमी व्हावा म्हणून त्या झाडांवर लावल्या. पक्ष्याची सोय आणि वनाचा लाभ यांची सांगड तेथे प्रथम पद्धतशीरपणे घातली गेली. ऑक्सफर्डजवळच्या विथम वनात १९४७ पासून टिट या लहान पक्ष्याच्या पेट्यांमधील विणीची नोंद आजतागायत अखंड चालू आहे. त्या नोंदींमुळे ऋतुमान बदलत गेले तसतशी अंडी घालण्याची तारीख कशी अलीकडे सरकली, हे जगाला समजू शकले. पेटी ही पक्ष्याला दिलेली जागा असतेच, पण ती निरीक्षकाला उघडलेली खिडकीही असते, हे विथमच्या कामाने सिद्ध केले.

भारतात या विचाराला चालना मिळाली ती महाराष्ट्रातून. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमणीच्या प्रश्नाला वाहून घेतले, नेचर फॉरेव्हर सोसायटी ही संस्था उभी केली, लाकडी घरटी आणि दाणापाण्याची साधने लोकांपर्यंत पोहोचवली, आणि २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून साजरा होऊ लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये भारतीय टपाल खात्याने कबुतर आणि चिमणी यांची तिकिटे काढली. वाघ आणि गेंडा यांच्या संरक्षणापुरता मर्यादित असलेला निसर्गविचार त्यांनी घराच्या सज्जापर्यंत आणला, ही दिलावर यांची कामगिरी लहान नाही. मुलांना सर्वप्रथम जो पक्षी ओळखता येतो त्याच्याबद्दलच आस्था निर्माण झाली तर पुढची वाट सोपी होते.

चिमणीच्या दृष्टीने भोकाची किंमत किती असते, याचा एक विलक्षण पुरावा सालीम अली यांच्या बालपणीच्या टिपणात सापडतो. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीची मादी अंड्यांवर बसली होती आणि नर बाहेर पहारा देत होता. लहानग्या सालीमने छर्ऱ्याच्या बंदुकीने नर मारला, तर थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्या जागी बसला, आणि अशा रीतीने सात दिवसांत आठ नर मारले गेले तरी भोक रिकामे राहिले नाही. पुढे थोर झालेल्या पक्षिशास्त्रज्ञाच्या हातून घडलेली ही गोष्ट आज वाचवत नाही, पण तिच्यातून निघणारे तथ्य मोलाचे आहे. घराविना फिरणारे, जागेची वाट पाहणारे नर आसपास होते, आणि भोक मिळाल्याबरोबर ते पुढे सरसावले. जेथे पक्षी आहेत, अन्न आहे, पण भोके नाहीत, तेथे पेटी लावल्याबरोबर ती भरते, याचे कारण हेच.

मात्र याच तर्काची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे, आणि पेटीच्या प्रचारात तिचा विसर पडतो. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत चिमण्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. लीसेस्टर शहरातील अभ्यासात आढळले की चिमण्यांना घरट्यासाठी जागा मिळत होत्या, अंडीही घातली जात होती, परंतु पिले घरट्यातच उपाशी मरत होती, कारण त्यांना लागणारे किडे शहरात उरले नव्हते. प्रौढ चिमणी धान्य खाते, हे सर्वांना माहीत असते. पण पहिल्या काही दिवसांत पिलाला अळ्या, मावा, कोळी असे मऊ, प्रथिनयुक्त भक्ष्य मिळाले नाही तर ते जगत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भारतात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालाने चिमणीची देशभरातील संख्या गेली पंचवीसहून अधिक वर्षे साधारण स्थिर असल्याचे आणि घट प्रामुख्याने मोठ्या महानगरांत असल्याचे दाखवले. मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे चिमणी नष्ट झाली, हे सरसकट विधान या पार्श्वभूमीवर टिकत नाही. म्हणून पेटी लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा लागतो: या जागी पक्ष्याला उणीव कशाची आहे, भोकाची की किड्यांची? याचे उत्तर पुस्तकात नसते, ते त्या आवारात बसून पाहूनच मिळवावे लागते, आणि पेटी निरीक्षणानंतर यावी, आधी नव्हे, या भूमिकेचा आधार हाच आहे.

कारखान्यांच्या वसाहतीत हे उत्तर अनेकदा अनपेक्षित निघते. पत्र्याच्या शेडला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या, आडव्या पाइपांची उघडी तोंडे, विजेच्या खांबांवरील पोकळ्या आणि बंद पडलेल्या पंख्यांची भोके यांमुळे उरल्यासारख्या ठिकाणी चिमणी, साळुंकी आणि पारवा यांना आडोसा कमी पडत नाही. कमी पडते ते त्याभोवतीचे जग. पानांवर काळसर धुळीचा थर बसला, गवत उगवू न देता सगळे आवार सिमेंटने झाकले, आणि उरलेल्या वाफ्यात कीटकनाशक मारले, तर पिलासाठी अळी येणार कोठून? अशा जागी दहा पेट्या टांगण्यापेक्षा आवाराच्या एका कोपऱ्यात गवत, तुळस, शेवगा आणि देशी झुडपे विनाफवारणी वाढू देणे, अंगणाचा हातभर तुकडा कोरड्या मातीचा ठेवणे (चिमणीला पिसांतील परजीवी कीटक घालवण्यासाठी धूळस्नान लागते) आणि पाण्याचे उथळ मातीचे भांडे रोज धुऊन भरणे, हे अधिक फलदायी ठरते. उभ्या पाइपांची तोंडे मात्र झाकणेच योग्य होय. वरून उघड्या, आतून गुळगुळीत पाइपात भोक शोधत उतरलेला पक्षी पंख पसरू शकत नाही, त्याला चढून बाहेर येता येत नाही, आणि तो आतच मरतो. कोणत्याही वर्कशॉपमध्ये पत्र्याचा तुकडा डाग देऊन ही तोंडे बंद करणे हे थोड्या वेळाचे काम आहे, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने त्याचे मोल पेटीहून कमी नाही.

जेथे निरीक्षणाअंती भोकाचीच उणीव आढळते, विशेषतः नव्या स्लॅबच्या घरांत आणि कामगारांच्या क्वार्टरांत, तेथे पेटी अवश्य लावावी. पण ती छत्तीसगढच्या उन्हाळ्याला साजेशी असावी. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या आणि पत्र्याच्या पेट्या मे महिन्यात भट्टीसारख्या तापतात आणि आतील पिले होरपळतात, म्हणून त्या येथे वापरूच नयेत. सुमारे दोन सेंटिमीटर जाडीची, रंधा न मारलेली जुनी फळी सर्वांत चांगली, कारण जाड लाकूड उष्णता अडवते आणि खरखरीत आतल्या बाजूवर पिलांना नख रोवून वर चढता येते. चिमणीसाठी तळ साधारण पंधरा सेंटिमीटर लांब-रुंद, उंची पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, आणि दार म्हणजे ३.२ ते ३.५ सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक, तळापासून चांगले उंचावर. भोक पाच सेंटिमीटरचे केले तर दयाळ येऊ शकतो, पण तेवढ्या भोकातून साळुंकीही शिरते. साळुंकी आली म्हणून तिला हुसकावण्याचे कारण नाही. तीही येथलीच आहे. तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे आणि छपराखाली हवा खेळण्यासाठी फट ठेवावी. आत रंग वा वॉर्निश लावू नये. भोकाखाली जी दांडी हौसेने ठोकली जाते ती काढून टाकावी, कारण चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याला व मांजराला ती पाय टेकायला उपयोगी पडते.

पेटी कोठे लावावी, याबाबत दिशेचा विचार निर्णायक असतो. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून आणि पावसाची झड बहुधा नैर्ऋत्येकडून येते, त्यामुळे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावे आणि वर सज्जा असावा. छताच्या पंख्याजवळ पेटी कधीही लावू नये. चिमणी समूहाने राहणारी असल्याने दोन-तीन पेट्या जवळजवळ लावल्यास त्या लवकर स्वीकारल्या जातात. याउलट दयाळ हा आपली हद्द राखणारा पक्षी आहे, त्याचा नर दुसऱ्या नराला शेजारी फिरकू देत नाही, म्हणून एका आवारात त्याच्यासाठी एक पेटी पुरे.

पेटी भरल्यानंतर खरे निरीक्षण सुरू होते, आणि त्यासाठी ती उघडून पाहण्याची गरज नसते. आतले सगळे पक्ष्याच्या चोचीतून बाहेर कळते. प्रारंभी नर भोकाच्या तोंडाशी बसून तासन्‌तास चिवचिवत राहतो. ती मादीला आणि प्रतिस्पर्ध्यांना दिलेली सूचना असते. चोचीत गवताची काडी, दोऱ्याचा तुकडा, कापसाचा पुंजका दिसू लागला की जोडी जमली. काड्या थांबून पिसे नेली जाऊ लागली की घरट्याचे अस्तर चालू आहे आणि अंडी जवळ आली आहेत. त्यानंतर सुमारे अकरा ते चौदा दिवस शांततेचे असतात. दोघे आळीपाळीने आत जातात, वावर कमी होतो, आणि अनुभव नसलेल्याला पक्षी घर सोडून गेले असे वाटते. मग एके सकाळी चोचीत हिरवी अळी दिसते, याचा अर्थ पिले अंड्यांतून बाहेर आली. अळ्या आणि कोळी जितक्या वेळा येतात, तितका त्या आवाराचा कस चांगला. चोचीत शिळ्या पोळीचा किंवा भाताचा चुराच येऊ लागला, तर किड्यांचा तुटवडा आहे असे समजावे. काही दिवसांनी आईबाप चोचीत पांढरी, ओलसर गोळी घेऊन बाहेर जाताना दिसतात. ती पिलांच्या विष्ठेची पातळ आवरणात बांधलेली पिशवी असते. तिच्यामुळे घरटे स्वच्छ राहते, आणि ती दिसणे म्हणजे पिले जिवंत आणि पोसलेली असल्याची खूण होय. साधारण दोन आठवड्यांत पिले बाहेर पडतात. हे सगळे पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही. खुर्ची, वही आणि रोज ठरावीक वेळी अर्धा तास स्वस्थ बसण्याची तयारी लागते. अशी वही ठेवणारा कामगार वा गृहिणी हे शास्त्राचे काम करत असते, आणि ते काम विद्यापीठातील कामापेक्षा कमी प्रतीचे नाही.

या परंपरेचा एक मोठा वारसा रायपूरपासून रेल्वेने काही तासांवर, महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्यात आहे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव बांधच्या तळ्याकाठी पक्ष्यांचा अभ्यास केला तो तेथील माधवराव पाटील यांच्यासारख्या जाणकारांच्या सोबतीने, आणि गावकऱ्यांना व आदिवासींना ठाऊक असलेली पक्ष्यांची माहिती व नावे त्यांनी मराठीत आणली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. पक्ष्यांचे ज्ञान शिकारी, धीवर, गुराखी यांच्या नजरेत आधीपासून असते आणि अभ्यासकाने ते नम्रतेने उचलायचे असते, ही त्यांची दृष्टी उरल्याच्या संदर्भातही खरी आहे. कारखान्याचा रात्रपाळीचा पहारेकरी दिव्याच्या खांबाखाली किडे टिपणाऱ्या पिंगळ्याच्या जोडीबद्दल जे सांगू शकतो, ते कोणत्याही पुस्तकात नाही.

अखेरीस पेटी ही ढोलीची पर्यायी वस्तू आहे, तिची बरोबरी करणारी नव्हे. छत्तीसगढचा राज्यपक्षी असलेली पहाडी मैना याचे सर्वांत ठळक उदाहरण. बस्तरमधील कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात आढळणारा हा पक्षी उंच झाडांवरच्या, बहुधा सुतारांनी सोडून दिलेल्या ढोल्यांत वीण घालतो, आणि माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याची पिले ढोलीतून काढून पिंजऱ्यासाठी विकली गेली. जुनी झाडे तुटली, तर राज्यपक्ष्याला घर देणे कोणत्याही पेटीला शक्य होणार नाही. हाच नियम शहरात लागू पडतो. आवारातील वाळलेली फांदी किंवा मेलेले खोड ‘कुरूप दिसते’ म्हणून ताबडतोब तोडले जाते. पण तांबट नेमकी अशाच मऊ, वाळलेल्या लाकडात, बहुधा फांदीच्या खालच्या बाजूने घर कोरतो, आणि तो गेल्यावर तीच ढोली पुढे दुसऱ्या एखाद्या लहान पक्ष्याच्या उपयोगी पडते. एक वाळलेली फांदी वर्षानुवर्षे एकामागून एक कुटुंबांना घर देते, आणि तिच्यावर खर्च शून्य असतो.

उरला, बिरगाव आणि सिलतरा येथील प्रत्येक कारखान्याला, सोसायटीला आणि शाळेला म्हणूनच या व्याख्यानातून विनंती आहे: विणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी उभ्या पाइपांची तोंडे झाकावीत, आवाराचा एक कोपरा विनाफवारणी सोडावा, रस्त्यावर वा माणसांवर पडण्याचा धोका नसलेली वाळलेली फांदी तोडू नये, पोपट आणि मैना पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हे शेजाऱ्यांना सांगावे, आणि एवढे झाल्यावर पूर्वेच्या भिंतीवर, सज्जाखाली, जाड फळीची एक पेटी लावून तिच्याशेजारी खिळ्याला एक वही अडकवून ठेवावी.